दोन गोलंदाज

डोळे पुसत चित्रगृहातून बाहेर पडणाऱ्या मनुष्यास टीकाकाराने गाठावे, हे पंगतीवरून उठलेल्या तृप्त पाहुण्यास दारातच वैद्याने जीभ दाखवावयास सांगण्यासारखे आहे. वैद्याचे म्हणणे खोटे असते असे नाही. पण पाहुण्यास त्या घटकेला वैद्य नको असतो. 'लगान' या चित्रपटाच्या निमित्ताने आमच्यावर असा प्रसंग आला, आणि आम्ही जीभ दाखविण्याचे साफ नाकारले. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर ती आपण होऊन दाखविण्याची पाळी आमच्यावर आली. त्याची ही हकीकत आहे.

'लगान' १५ जून २००१ रोजी प्रदर्शित झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्यातील एका चित्रगृहात आमच्या घरच्या तीन पिढ्या एका रांगेत बसल्या. आमचे वडील, ज्यांस आम्ही अण्णा म्हणत असू, तेव्हा पंचाहत्तरीत होते. 'हिंदी चित्रपट, आणि तोही पावणेचार तासांचा!' असे म्हणून त्यांनी प्रथम नकार दिला होता. परंतु त्यात क्रिकेट आहे असे कळताच ते टोपी शोधू लागले. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर, कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई, वेशभूषा भानू अथैया, अशी नावे पडद्यावर येऊ लागली तेव्हा 'ही सगळी आपली माणसं!' असे त्यांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थासही ऐकविले.

कथानक वाचकांस ठाऊक असेलच. साल १८९३, गाव चंपानेर, पावसाने दडी मारलेली, आणि छावणीतील कॅप्टन रसेल याने घातलेली पैज: गावकऱ्यांनी क्रिकेटच्या सामन्यात गोऱ्यांस हरविले तर तीन वर्षांचा सारा माफ; हरले तर तिप्पट. भुवन नावाचा तरुण शेतकरी ती पैज स्वीकारतो आणि तीन महिन्यांत, ज्यांनी बॅट कधी पाहिलीही नाही अशी अकरा माणसे उभी करतो. अशा कथेचा शेवट काय होणार हे तिकीट काढणाऱ्यासही ठाऊक असते आणि दारावर तिकीट फाडणाऱ्यास तर असतेच असते. तरीही अखेरच्या षटकात, सामना हातचा गेला असे वाटत असता, पंच 'नो बॉल'ची खूण करतो तेव्हा सारे चित्रगृह उठून उभे राहिले, आणि अण्णा गहिवरून म्हणाले, 'पंच प्रामाणिक आहे हो!'

चित्रपटाचे कौतुक पुष्कळ झाले. स्वित्झर्लंडमधील लोकार्नो येथील महोत्सवात त्याच वर्षी त्यास प्रेक्षकांच्या पसंतीचे पारितोषिक मिळाले. 'मदर इंडिया' आणि 'सलाम बॉम्बे' यांच्यानंतर परभाषी चित्रपटांच्या ऑस्करसाठी नामांकन मिळविणारा तो तिसरा भारतीय चित्रपट ठरला. मार्च २००२ मध्ये ते पारितोषिक बोस्नियाच्या 'नो मॅन्स लँड'ने नेले, तेव्हा अण्णांनी 'या खेपेस पंच फितूर झाला' एवढाच निकाल दिला. अमेरिकेतील विख्यात समीक्षक रॉजर एबर्ट यांनी, असे काही आपण पूर्वी पाहिलेले नाही आणि तरीही ते सारे पूर्ण ओळखीचे आहे, अशा आशयाचे मत दिले होते. हे निरीक्षण मार्मिक आहे. दुबळ्यांचा संघ एकेक करून जमणे, जगाने हसणे, सरावातील धडपड, सामन्यातील पहिली घसरण, घरभेद्याचे शल्य आणि अखेरचा चेंडू, हा साचा अमेरिकी क्रीडापटांनी घासूनपुसून लख्ख केलेला आहे. १९७६ च्या 'रॉकी'मधील फिलाडेल्फियाचा मुष्टियोद्धा तर पंचांच्या निकालात हरतो. तरी प्रेक्षक मात्र जिंकून घरी जातो.

साचा ओळखीचा आहे म्हणून नाक मुरडणारे समीक्षकही होते; पण त्यांचे म्हणणे आम्हांस तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. कीर्तनास बसलेल्या श्रोत्यास हरिश्चंद्राचे राज्य त्यास परत मिळणार हे ठाऊक असतेच. शेवट कळावा म्हणून कोणी कीर्तनास बसत नाही. त्या शेवटापर्यंत बुवा आपणांस कोणत्या वाटेने नेतात हे पाहावयास बसतो. लांबीविषयीचा आक्षेपही आम्ही सोडून दिला, कारण तीन दिवसांचा सामना पावणेचार तासांत उरकणाऱ्यास पाल्हाळिक म्हणणे अन्यायाचे आहे. भुवनाच्या गावातील सर्वच माणसे फार सज्जन आहेत, आणि गोऱ्यांच्या पक्षातूनही एक सुस्वभावी एलिझाबेथ खेळ शिकवावयास येते, ही तक्रार खरी होती. परंतु ती पक्वान्नात साखर जास्त झाल्याची तक्रार होती. तीमुळे कोणी पानावरून उठत नाही.

एका आक्षेपाने मात्र आम्ही पानावरून उठलो. तेव्हा काठमांडूहून निघणाऱ्या 'हिमाल' या मासिकात २००२ साली एस. आनंद यांनी एक लेख लिहिला. त्यांचा रोख कचरा या पात्रावर होता. कचरा हा गावातील अस्पृश्य झाडूवाला. सराव चालू असता चेंडू घरंगळत त्याच्यापाशी जातो. तो भीत भीत आपल्या व्यंग असलेल्या हाताने परत फेकतो. आणि तो चेंडू जमिनीवर पडून असा काही वळतो की भुवन थक्क होतो. त्यास संघात घ्यावयाचे म्हणताच गावकरी बिथरतात, भुवन रामकथेतील दाखले देऊन त्यांस खडसावतो, आणि कचरा अकरावा गडी होतो. पुढे सामन्याच्या दुसऱ्या दिवशी लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद करून तो डावच फिरवितो. आनंद यांचे म्हणणे असे की, या मनुष्यास स्वतःचा आवाजच नाही. त्याच्याविषयीचा वाद इतरेजन आपसांत घालतात. आणि त्याच्या गोलंदाजीचे श्रेय त्याच्या कौशल्यास न मिळता हाताच्या व्यंगास मिळते.

आम्हांस याचा फार राग आला होता. ज्या दृश्यास आम्ही सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजविल्या, नेमक्या त्याच दृश्यावर हा वैद्य बोट ठेवीत होता. 'अस्पृश्यतेविरुद्ध एवढे स्पष्ट बोलणारे दृश्य लोकप्रिय चित्रपटात आणखी कसे असावयास हवे?' असा सवाल आम्ही मित्रमंडळीत टाकला, आणि मित्रमंडळी आमच्यासारखीच असल्यामुळे तो बिनतोड ठरला. त्या दिवशी तो वाद मिटला, असे आम्हांस वाटले होते.

गेल्या पावसाळ्यात तो पुन्हा उपटला. आमची तेरा वर्षांची नात दोन वर्षांपासून ऑफस्पिन शिकत आहे. एका रविवारी पावसाने तिचा सराव बुडाला, आणि 'आजोबा, तुम्ही सारखं सांगता तो लगान लावा ना,' असे तीच म्हणाली. आम्ही मोठ्या हौसेने लावला. कचऱ्याने चेंडू फेकला, तो वळला, आणि आम्ही नातीच्या तोंडाकडे पाहू लागलो. तिने चित्रपट थांबविला, मागे नेला, पुन्हा पाहिला.

'आजोबा, हात वाकडा असला की चेंडू आपोआप वळतो का?'

'सिनेमा आहे, बाळ,' आम्ही म्हणालो.

'मग मी रोज दोन-दोन तास नेटमध्ये काय करते?' असे म्हणून तिने आपली तर्जनी आमच्यासमोर धरली. तिच्या पेरावर घट्टा पडला होता. थोड्या वेळाने, गावकऱ्यांचा वाद चालू असता, ती पुन्हा म्हणाली, 'सगळे त्याच्याबद्दलच बोलतायत, आणि तो नुसता उभा.'

हा आक्षेप अक्षरशः एस. आनंद यांचाच होता. फक्त तो घट्टा पडलेल्या बोटाने घेतला होता. नातीने तो लेख वाचलेला नव्हता, आणि तिच्यावर रागावण्याची सोय नव्हती.

तो दिवस आम्हांस बाळूचे स्मरण करून गेला. ज्या १८९३ सालात चंपानेरचा कल्पित सामना होतो, त्याच सुमारास पुण्यात एक खराखुरा गोलंदाज घडत होता. पाळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चांभार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीस. बाळूंची पहिली चाकरी पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात, महिना ३ रुपयांवर. मैदान झाडावे, खेळपट्टीवर रोलर फिरवावा, आणि कधीमधी सभासदांस चेंडू टाकावेत. १८९२ साली ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर गेले. तेथे जाळ्या उभारणे, टेनिसच्या रेषा आखणे आणि साहेबलोकांच्या सरावासाठी तासन्‌तास डाव्या हाताने संथ चेंडू टाकणे, हे त्यांचे काम होते. कॅप्टन ग्रेग हा तेव्हाचा नामांकित फलंदाज त्यांच्यासमोर सराव करी, आणि आपण बाद झालो की दर खेपेस आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. बॅट मात्र त्या मैदानात बाळूंच्या हाती कोणी दिली नाही. त्यांच्या चेंडूस वळण कोठून आले हे कोणासही दिसण्यासारखे होते. ते हजारो चेंडू टाकून आलेले होते.

पुण्याच्या हिंदू संघात त्यांस घ्यावे की नाही यावरही वाद झाला, आणि चंपानेरप्रमाणेच येथेही गोऱ्यांस हरविण्याची इच्छा विटाळाच्या भीतीहून मोठी ठरली. पण चंपानेरच्या कथेत जे नाही ते येथे आहे. बाळूंनी टाकलेला चेंडू संघातील सर्व मंडळी हाताळीत. चहाच्या वेळी मात्र त्यांस पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे, आणि जेवणाचे पान वेगळे पडे. पुढे ते मुंबईस गेले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी हरविले, त्या संघात बाळू व त्यांचे बंधू शिवराम असे दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडास गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्यास आले नाही. ते धाकटे बंधू विठ्ठल यांस १९२३ साली मिळाले, आणि त्या वर्षीचे चौरंगी सामने हिंदूंनी जिंकले. विठ्ठलरावांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' या नावाने आत्मचरित्रही लिहिले, तेही मराठीत, १९४८ साली.

बाळूंचे नाव आमच्या घरात अपरिचित नव्हते. आमच्या आजोबांनी त्यांस मुंबईत खेळताना पाहिले होते. आजोबांकडून अण्णांस आणि अण्णांकडून आम्हांस ग्रेगचे आठ आणे, इंग्लंडचे बळी, हे सारे वारसाहक्काने मिळाले होते. 'आपला बाळू' असेच अण्णा म्हणत. मातीच्या भांड्याची गोष्ट मात्र त्या वारशात नव्हती. ती आम्हांस २००२ साली प्रसिद्ध झालेल्या रामचंद्र गुहा यांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' या ग्रंथात प्रथम वाचावयास मिळाली. आम्ही ग्रंथ मिटून अण्णांकडे गेलो आणि विचारले, 'अण्णा, हे तुम्हांला माहीत होतं?'

अण्णा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'अरे, ते सगळ्यांनाच माहीत होतं. त्यात सांगायचं काय?'

या उत्तरात कपट नव्हते, आणि म्हणूनच ते आजवर आमच्या मनातून गेलेले नाही. आठ आणे सांगण्यासारखे होते, कारण त्यात आपल्या माणसाचा विजय होता. भांडे सांगण्यासारखे नव्हते, कारण ते देणारे हातही आपल्याच माणसांचे होते. 'लगान'च्या अखेरीस निवेदक सांगतो की, भुवनचे नाव इतिहासाच्या पानांत कोठे हरवून गेले. बाळूंचे नाव हरवले नव्हते. ते आमच्या घरी रोजच्या बोलण्यात होते. त्यातील नेमका अर्धा भाग तेवढा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गाळून सांगत आलो होतो.

नातीच्या प्रश्नाने आणखी एक गाळलेली गोष्ट वर आली, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. सुमारे १९६६ साली, आम्ही दहा वर्षांचे असता, आमच्या वाड्यामागील बोळात वाड्यातील मुले रबरी चेंडूने क्रिकेट खेळत असू. विटांच्या ढिगात रोवलेली एक काठी ही आमची यष्टी. वाड्याची सफाई करावयास येणाऱ्या बाईंबरोबर त्यांचा मुलगा येत असे. तो बोळाच्या तोंडाशी, नळापाशी बसून खेळ पाही. एकदा चेंडू त्याच्यापर्यंत गेला. 'टाक इकडे!' म्हणून आम्ही ओरडलो. त्याने बसल्या जागेवरून उठून तो असा फेकला की काठी मुळासकट उडाली. सर्वांनी 'वा!' म्हटले. मग कोणीतरी तो चेंडू उचलला, नळाखाली धरून धुतला, आणि डाव पुढे चालू झाला.

'कोणीतरी' असे आम्ही आता लिहून गेलो. मासिकात लिहिणारा स्वतःस 'आम्ही' म्हणतो, त्यात ही एक मोठी सोय असते. दोष असला की तो गर्दीत वाटला जातो. चेंडू धुणारा हात एकच होता, आणि हा लेख तोच लिहीत आहे. त्या मुलाचे नाव आम्हांस आठवत नाही असे लिहिणार होतो. पण आठवण्यासाठी ते आधी विचारलेले असावे लागते.

मग चित्रपटगृहात २००१ साली आम्ही टाळ्या कशासाठी वाजविल्या? या प्रश्नाचा आम्ही पुष्कळ विचार केला. आमचे अश्रू खोटे होते असे आम्हांस वाटत नाही. परंतु ते स्वस्त होते. कचऱ्याचा हात हा चमत्कार आहे, आणि चमत्काराचे ऋण कोणावर नसते. त्याबद्दल देवाचे आभार मानले की भागते. बाळूंचा हात श्रमाने घडलेला होता. श्रमाचे मोल ठरवावे लागते, ते कोणी दिले नाही याचा हिशेब द्यावा लागतो, आणि त्या हिशेबात आपल्या आजोबांचे नाव निघण्याची भीती असते. चित्रपटाने आम्हांस त्या भीतीतून अलगद सोडविले. आम्ही भुवनच्या बाजूने बसून कचऱ्यास संघात घेतले, आणि आमच्या खिशातील एक पैसाही कमी झाला नाही. सामना जिंकल्यानंतर कचरा कोणत्या विहिरीचे पाणी प्याला, हे चित्रपट सांगत नाही. आणि ते विचारण्याचे आम्हांसही सुचले नाही.

असे असूनही 'लगान' वाईट चित्रपट आहे असे म्हणावयास आमची जीभ आजही वळत नाही. चांगल्या आख्यानाचे सर्व गुण त्यात आहेत. त्याने सबंध चित्रगृहास एका झाडूवाल्यासाठी उभे केले, हे काही थोडे नव्हे. एस. आनंद यांनी त्या उभ्या राहिलेल्या लोकांस, आता आलाच आहात उठून तर चार पावले पुढे या, एवढेच सुचविले होते. आम्ही मात्र उठलो तसेच पुन्हा खाली बसलो, आणि बसण्यास सांगणाऱ्याऐवजी चालण्यास सांगणाऱ्यावर रागावलो. प्रेरणा देणाऱ्या चित्रपटांचे मोल यापुढे आम्ही एका साध्या कसोटीने ठरवू म्हणतो: पडद्यावरचा दुबळा जिंकला त्या रात्री आपल्या बोळातील दुबळा आपणांस आठवला की नाही? आमच्या बाबतीत ती रात्र उजाडण्यास वीस वर्षांहून अधिक लागली, हा दोष चित्रपटाचा थोडा आणि आमचा फार आहे.

त्या रविवारी चित्रपट संपल्यावर आम्ही नातीस बोळातील गोष्ट सांगितली. चेंडू धुतल्याचेही सांगितले. ती रागावेल, निदान आमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहील, अशी आमची तयारी होती. तिने विचारले ते निराळेच.

'नळापासून काठी किती लांब होती?'

'पंचवीस पावलं असतील.'

'पंचवीस? आणि एकाच काठीवर? पहिल्याच फेकीत?'

'हो.'

ती काही वेळ बोटावरचा घट्टा चोळीत बसली. तिच्या तोंडावर दया नव्हती, की आम्हांस वाटणारी शरमही नव्हती. पुढच्या सामन्यासाठी संघ निवडताना कर्णधार ज्या चेहऱ्याने विचार करतो, तोच तिचा चेहरा होता.

'आजोबा,' ती म्हणाली, 'असा फील्डर तुम्ही बाहेर बसवलात?'